श्यांग उस्तादांची जीभ

ह्वांगल्यानचं मूळ कडू असतं असं म्हणणं म्हणजे समुद्र ओला असतो असं म्हणणं. सांगून काही कळत नाही, एकदा चावावंच लागतं. शिझूच्या डोंगरात जो जन्माला आला, त्याला आईने पोटदुखीला, जुलाबाला, तोंड आलं म्हणून किंवा नुसतं उलट बोलल्याबद्दल हे मूळ कधी ना कधी चघळायला लावलेलंच असतं. त्यामुळे इथे कोणी कोणाला त्या चवीचं वर्णन ऐकवत बसत नाही.

छिन वेनच्यूला मात्र ते ऐकवावं लागलं होतं, आणि तेही नोकरीच्या पहिल्याच दिवशी. चोंगचिंगहून औषधी रसायनाची पदवी घेऊन ती गावातल्या वनौषधी कारखान्यात आली, तेव्हा तिच्यासाठी वेगळी खोली, पांढरा कोट आणि क्रोमॅटोग्राफीचं नवंकोरं यंत्र तयार होतं. पण खोलीच्या दारातच श्यांग उस्तादांनी, म्हणजे कारखान्याच्या सगळ्यात जुन्या पारख्याने, तिला अडवलं आणि तिच्या तळहातावर मुळाचा तुकडा ठेवला.

"चाव. थुंकायचं नाही. आणि काय होतंय ते बोलत राहायचं."

तिने चावलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "कडू," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

"कडू तर माझी सासूपण होती," उस्ताद म्हणाले. "कसलं कडू? कुठे लागलं? पुढे की मागे? आधी काय आलं, नंतर काय आलं?"

अंगणातले हमाल पोट धरून हसले. वेनच्यूला राग आला, आणि रागाच्या भरात ती त्या चवीबद्दल बोलत सुटली. उस्ताद मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "जा आता आत. आता तुला तुझं यंत्र कळेल." तेव्हा तिला ते वाक्य म्हाताऱ्याचा आगाऊपणा वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षं तिने त्यांच्याकडून जे जे उचललं, त्याची सुरुवात तिथेच झाली हे तिला नंतर उमगलं.

तिचं काम म्हटलं तर सोपं. मुळाची पूड करायची, आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये भिजवून ती हलवून काढायची, गाळायची, आणि तो गाळ न उरलेला पिवळा रस यंत्रात सोडायचा. यंत्र तो रस मोठ्या दाबाने पोलादाच्या एका बोटाएवढ्या नळीतून ढकलतं. नळीत बारीक भुकटी ठासलेली असते. मुळातली कडू द्रव्यं त्या भुकटीला कमी-जास्त चिकटतात आणि आपापल्या वेळेला बाहेर पडतात, त्यामुळे पडद्यावर एकामागून एक चार डोंगर उमटतात. सगळ्यात उंच डोंगर बर्बेरिनचा. दारुहळदीत असतं तेच हे. डोंगर जेवढा मोठा तेवढं द्रव्य जास्त. सरकारी औषधग्रंथ म्हणतो, शंभर भागांत साडेपाच भाग बर्बेरिन हवं. त्याखालचा माल औषध म्हणून विकता येत नाही, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

यंत्र आल्यावर उस्तादांचं बाकडं उठेल असं पुष्कळांना वाटलं होतं. तसं झालं नाही. खरेदीच्या दिवशी, म्हणजे गावच्या बाजाराला, उस्ताद अंगणात बसत. पोतं उघडलं की मधलंच एक मूळ उपसत, मोडून आतला पिवळा बघत, चावत, पायाशी ठेवलेल्या राखेच्या बादलीत थुंकत, गार पेजेने चूळ भरत आणि सांगत, "घ्या," नाहीतर, "परत न्या." मग त्याच पोत्यातला नमुना वेनच्यूकडे जाई. यंत्राचा आकडा यायच्या आत उस्तादांनी आपला आकडा सांगायचा, असा दोघांचा खेळ ठरून गेला होता. त्यांचा अंदाज फार चुकला तर सकाळचे तिखट नूडल्स त्यांच्याकडून, नाहीतर तिच्याकडून. बहुतेक वेळा नूडल्स वेनच्यूलाच चारावे लागत, आणि ते तिला मनापासून आवडे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात उस्तादांना जबर ताप आला. बरे होऊन ते कामावर आले आणि त्यांनी खेळ उलटा केला. "तू आधी सांग," ते म्हणू लागले, "वयाचा जरा मान ठेव." ती आकडा सांगे, ते मान डोलवत, "माझापण तेवढाच होता." म्हातारा नूडल्स वाचवतोय, असं म्हणून वेनच्यू हसण्यावारी नेई.

या शरदातल्या पहिल्या खरेदीला मोऊ वहिनींची खेप आली. मोऊ वहिनी वरच्या वस्तीतल्या. नवरा गेलेला, मुलगा दूर ग्वांगतोंगला कामाला, सावलीच्या मांडवाखालची ह्वांगल्यानचे वाफे त्या एकट्याच सांभाळत. माल मात्र बघत राहावा असा होता. ना मातीचा कण, ना मुळांवरच्या जळक्या केसांची काजळी, मुळं नुसती तकतकीत. उस्तादांनी एक मोडलं, चावलं, थुंकलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात माल! बघा रे, शिका काहीतरी या बाईकडून. घ्या."

"आकडा किती, उस्ताद?" वेनच्यूने खिडकीतून विचारलं.

"तुझं यंत्र काय म्हणतंय?"

"अजून नमुना चढवलाच नाही. आज तुम्हीच आधी."

उस्तादांनी हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं. "सात," ते म्हणाले. "कमी निघाला तर नूडल्स माझ्याकडून, वर अंडंसुद्धा."

यंत्राने चार पूर्णांक एक दशांश सांगितला.

वेनच्यूने पहिल्यांदा स्वतःवरच संशय घेतला. तिचा स्वभावच तसा होता, आणि चांगल्या तपासनिसाचा तो असावाही लागतो. तिने पूड पुन्हा तोलली. नवा रस काढला, तो गाळला, नळी धुतली, शुद्ध बर्बेरिनचं प्रमाण-द्रावण ताजं बनवलं. आकडा हलला नाही. मग तिने कपाटातून गेल्या वर्षीचा, राखून ठेवलेला एक नमुना काढला आणि तो यंत्रातून घातला. गेल्या वर्षी त्याचा आकडा सहा आला होता, आताही सहाच आला. यंत्र धडधाकट होतं.

लुओ मॅनेजरना ते पटलं नाही. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि पडद्याकडे न बघताच म्हणाले, "वेनच्यू, तुझ्या यंत्राला सर्दी झालीय."

"जुना नमुना लावून बघितला, साहेब. बरोबर आला."

"मग तुझा हात चुकला असेल."

"तीनदा?"

"हे बघ, मी शाळेत जायचो तेव्हापासून हा माणूस त्या बाकड्यावर बसतोय. आख्ख्या खोऱ्यात त्याच्या शब्दावर माल उचलला जातो. तुझं यंत्र कालचं पोर." त्यांनी आवाज जरा खाली आणला. ते वाईट नव्हते, नुसते अडकलेले होते. "पुढच्या बाजारानंतर माल न्यायला औषध कंपनीचा ट्रक येणार. तोवर दुरुस्तीवाला बोलावतो. त्यालाही काही सापडलं नाही, तर उस्ताद आणि तू, दोघांपैकी एकजण चुकतोय असं होईल. गाव कोणाला चुकीचं ठरवेल ते मी सांगायला नको."

ते गेल्यावर वेनच्यूने यंत्र बंद केलं. हात चुकला असेल, हे तिला चांगलंच झोंबलं होतं. पण त्याहून जास्त तिला दुसरीच गोष्ट टोचत होती. आपला आकडा खरा, हे तिला ठाऊक होतं. तो खरा ठरवायचा तर उस्तादांची जीभ खोटी ठरवावी लागणार होती, आणि ती चूक चारचौघांत तिलाच दाखवावी लागणार होती. आकडा गिळून टाकावा, तर हा माल कुठल्यातरी दवाखान्यात जाऊन जुलाबाने बेजार झालेल्या कोणाच्या तरी काढ्यात पडणार होता.

दुसऱ्या दिवशी ती दूधवाल्याच्या टेम्पोत बसून वरच्या वस्तीला गेली.

मोऊ वहिनींच्या घरामागे ह्वांगल्यान वाळवायची भट्टी होती, आणि तिच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली बांबूची लांबट करंडी. भट्टीवर शेकलेली मुळं या करंडीत भरायची, दोन माणसांनी दोन टोकं धरायची आणि हात दुखून येईपर्यंत ती मागेपुढे घुसळायची. मुळं मुळांवर घासून माती आणि जळके केस गळून पडतात. शिझूच्या डोंगरात ह्वांगल्यान असंच साफ होतं, पाण्याने कधीच नाही. करंडीच्या आत कोळ्याने घर केलेलं वेनच्यूला दिसलं. आणि मग तिला नळाखालची फरशी दिसली. नळाला रबरी पाइप होता, आणि फरशीपासून परसातल्या ओहोळापर्यंत सगळं पिवळं झालेलं होतं, हळदीचं पातेलं सांडल्यासारखं.

"वहिनी, तुम्ही माल धुतलात?"

मोऊ वहिनी चहाचा पेला पुढे करता करता थबकल्या. "धुवायचा नाही तर काय करायचा? करंडीला दोन माणसं लागतात. मी एकटी. दुसरं टोक काय भूत धरणार?"

"पण वहिनी, कडूपणा पाण्यात उतरतो. तुमच्या सासूबाईंनी सांगितलं असेलच की."

"सांगितलं होतं ना. सासूबाई काय काय सांगायच्या!" त्यांनी पेला जरा आपटूनच खाली ठेवला. "गेल्या साली मी धुतलं नव्हतं. जमेल तसं एकटीने झटकून आणलं. तुझ्या उस्तादांनीच सगळ्यांसमोर माझं पोतं मागे सारलं. म्हणाले, माती विकायला आणलीस का? आणि शेजारणीचं घेतलं. तिचे दोन पोरगे घरी, त्यांनी करंडी घुसळून घुसळून आरशासारखं केलेलं. मग मी म्हटलं, यांना चकचकीत हवंय ना, घ्या चकचकीत. आणि या साली काय म्हणाले? शिका या बाईकडून! कालपासून आख्खी वस्ती पाइप आणायला पळतीय, बघ जाऊन."

वेनच्यूला काही बघायला जायची गरज नव्हती. ओहोळाच्या वरच्या अंगालाही पाणी पिवळट वाहत होतं.

परतीच्या वाटेवर तिने सगळं मनात जुळवून पाहिलं. उस्तादांनी धुतलेलं मूळ चावलं आणि त्यांना ते कळलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी मातकट म्हणून परत पाठवलेला माल कदाचित झणझणीत कडू होता. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातला ताप, त्यानंतर उलटा झालेला खेळ, "माझापण तेवढाच". नूडल्सच्या दुकानात आताशा ते मिरचीहून तिरफळच जास्त मागत, वाडग्यावर काळा थर होईपर्यंत. तिरफळाने तोंड बधिर होतं, ते जाणवायला चव लागत नाही. वेनच्यू रोज समोर बसून ते बघत आली होती आणि तिने एकदाही त्याचा अर्थ लावला नव्हता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तरी तिची खात्री झाली नव्हती, किंवा तिला ती करून घ्यायची नव्हती. पारख करायचा एक मार्ग तिच्या हातात होता. उकळून उकळून सत्त्व काढलेलं मूळ वाळवायचं, चांगल्या मुळांत मिसळायचं आणि उस्तादांच्या हातात द्यायचं. खोलीत येऊन तिने पातेलं काढलंसुद्धा. मग ते परत जागेवर ठेवून दिलं. ज्याने आपल्याला चाखायला शिकवलं त्याच्यासाठी सापळा लावायला तिचं मन धजेना.

सापळा लावावा लागलाच नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती खोलीत न थांबता अंगणात, बाकड्याच्या जवळ उभी राहिली. उस्ताद नेहमीसारखे रंगात होते. कोणाची टोपी, कोणाची नवी सून, कोणाचं पोतं, सगळ्यावर शेरे मारत होते. एका शेतकऱ्याचं मूळ त्यांनी मोडलं, तोंडात टाकलं, चावायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "उस्ताद, नातवाचं लग्न ठरलं म्हणे!"

"ठरलं ना!" उस्ताद वळून म्हणाले. "पोरगी वान्चौची आहे. माझ्यापेक्षा जास्त बोलते, आता बोला!" आणि हसता हसता त्यांनी तोंडातला घास गिळून टाकला.

हसणारे हसत राहिले. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येकजण आपापल्या पोत्याच्या काळजीत होता. पण वेनच्यूने ते पाहिलं. ह्वांगल्यान तोंडात असताना माणूस नातसुनेचं कौतुक करू शकत नाही. शिझूतलं शेंबडं पोरसुद्धा ते आधी थुंकेल आणि मग बोलेल. उस्तादांनी बादलीकडे पाहिलंही नव्हतं. ते थुंकायचं विसरले होते, कारण तोंडात थुंकण्यासारखं काही आहे हे त्यांना जाणवलंच नव्हतं.

क्षणभराने त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईने पेजेचा वाडगा उचलला, चूळ भरली, बादलीत टाकली आणि तोंड वाकडं केलं. ते तोंड वाकडं करणं वेनच्यूला बघवलं नाही.

दुपारी अंगण रिकामं झाल्यावर उस्ताद स्वतःच तिच्या खोलीत आले. दुरुस्तीवाला सकाळी येऊन, यंत्रात काहीही बिघाड नाही असं सांगून गेला होता.

"काय गं, त्या डबड्याला औषध दिलं का डॉक्टरने?" ते स्टूल ओढून बसले.

"यंत्र ठीक आहे म्हणाला, उस्ताद."

"मग बरं आहे की. तोंड का उतरलंय तुझं?"

काय बोलायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं. ते सोडून तिने नुसता पडदा त्यांच्याकडे वळवला. एका चांगल्या मालाचे चार डोंगर आणि मोऊ वहिनींच्या मालाचे चार डोंगर तिने एकावर एक काढून ठेवले होते, एक निळ्या रेषेत, एक लाल. नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं.

उस्तादांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. डोंगर वाचायला त्यांना तिनेच शिकवलं होतं, आणि त्यांना त्याची हौस होती. "निळा कोणाचा आहे? छान आहे. भरल्या अंगाचा. आणि हा लाल..." ते पुढे वाकले. "लाल आजारी आहे."

"काय झालं असेल त्याला?"

"कोवळं मूळ खणलं असतं तर एखादाच डोंगर बसला असता. भेसळ असती तर पाचवा कोणीतरी मध्ये घुसला असता. इथे चौघंही सारखेच खाली आलेत, एकमेकांचा हात धरून." त्यांनी मांडीवर थाप मारली. "धुतलंय! हे मूळ धुतलंय कोणीतरी. आणि नुसतं खळबळून नाही, चांगलं पाइपाखाली धरून. कुठून आलं हे? खालच्या बाजाराच्या व्यापाऱ्याकडून ना? ते लोक काय वाट्टेल ते करतात. आणि हे पास कोणी केलं? धुतलेलं मूळ तर आंधळ्यालाही कळतं. कडू उशिरा येतं आणि लवकर पळतं, आणि मागे नुसता लाकडाचा चोथा उरतो. कुठल्या गाढवाने हे..."

वेनच्यू हातातल्या काचेच्या कुपीचं झाकण फिरवत राहिली.

उस्तादांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी लाल रेषेकडे पाहिलं, मग वेनच्यूकडे, मग पुन्हा लाल रेषेकडे. यंत्राचा पंप आपला टिकटिक करत होता.

"मोऊची खेप," ते म्हणाले.

"हो."

"सात म्हणालो होतो मी."

"हो, उस्ताद."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. काचा स्वच्छच होत्या. "तुला कधी कळलं?"

"आज. तुम्ही गिळलंत तेव्हा."

"तापानंतर गेली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता अंगणातला माणूस नव्हता. "पहिल्यांदा वाटलं परत येईल. मग वाटलं, इतकी वर्षं बघतोय, डोळ्यांनी भागेल. रंग कळतो, वजन कळतं, मोडताना होणारा आवाज कळतो. शेतकऱ्याचं तोंड बघूनसुद्धा अर्धं कळतं. आणि भागलंही, नाही का? तुझे आकडे बघत होतो ना मी. दर वेळी वाटायचं, बघ, जुळलं."

"उस्ताद, अजून एक आहे." हे सांगणं तिला सगळ्यात जड गेलं, पण हे नाही सांगितलं तर बाकीचं सगळं वाया होतं. "मोऊ वहिनींनी का धुतलं माहीत आहे? गेल्या साली तुम्ही त्यांचं पोतं मातकट म्हणून परत केलंत. आणि या साली त्यांचं चकचकीत बघून सगळ्यांना म्हणालात, शिका. आता आख्खी वस्ती पाइप लावून बसलीय. ओहोळ पिवळा वाहतोय वरचा."

उस्ताद उठले. "ओहोळ पिवळा," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांना रडू येईल असं वेनच्यूला वाटलं, पण ते संतापले होते, आणि सगळा संताप स्वतःवरच होता. "माझी जीभ मेली तर मेली. मी डोंगराला मूळ धुवायला लावलं!"

"उस्ताद, मी मॅनेजरसाहेबांना वेगळ्या पद्धतीने सांगू शकते. म्हणजे तुमचं नाव न..."

"गप बस," ते म्हणाले, पण मायेने. "माझ्यासाठी आकडा वाकवशील तर तुला शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं."

आणि ते तडक मॅनेजरच्या खोलीत गेले. दार त्यांनी लावून घेतलं नाही, त्यामुळे आख्ख्या कारखान्याने ऐकलं. "लुओ, तिचा हात चुकला नाही आणि यंत्रही नाही. मला चव लागत नाही. पहिल्या बाजारापासून मी पास केलेलं प्रत्येक पोतं तिच्याकडून पुन्हा तपासून घे. आणि मोऊबाईचा माल असाच परत पाठवू नकोस, आधी तिला मी स्वतः सांगतो." मॅनेजर काहीतरी पुटपुटले. "कसला आराम?" उस्तादांचा आवाज आला. "मला करंडी धरता येते अजून."

पुढचे दिवस उस्ताद कारखान्यात दिसलेच नाहीत. ते वरच्या वस्तीत घरोघर फिरले. जिथे पाइप दिसला तिथे थांबले आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली. काहींनी ऐकून घेतलं, एकदोघांनी तोंडावर चार शब्द सुनावले, ते त्यांनी ऐकून घेतले. मोऊ वहिनींचे अर्धे वाफे अजून खणायचे बाकी होते. ते खणले, मुळं भट्टीवर शेकली, आणि करंडीचं एक टोक वहिनींनी तर दुसरं उस्तादांनी धरलं. वहिनी म्हणे सगळा वेळ त्यांना बोल लावत होत्या आणि उस्ताद सगळा वेळ दमलो दमलो म्हणत होते, पण एकानेही टोक सोडलं नाही.

तिसऱ्या बाजाराला बाकड्यावर वेनच्यू बसली. मॅनेजरनीच सांगितलं होतं. बाजूच्या स्टुलावर उस्ताद होते. ते मूळ मोडून देत, रंगाबद्दल एखादा शब्द बोलत, आणि ती चावत असे. पहिल्यापहिल्यांदा शेतकरी एकमेकांकडे बघून खाकरले. मग एका पोत्यातलं मूळ चावून तिने म्हटलं, "दादा, हे शेवटी ओल्या जागेत ठेवलं होतं का?" त्या माणसाने कान खाजवला, आणि त्यानंतर कोणी खाकरलं नाही.

शेवटचं पोतं मोऊ वहिनींचं. मुळं थोडी काळपट होती, सांध्यांत माती राहिली होती, आरशासारखी अजिबात नव्हती. वेनच्यूने चावलं आणि नुसती मान हलवली. "घ्या," ती म्हणाली. वहिनींनी उस्तादांकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला, मग पिशवीतून सुकवलेल्या मांसाची पुडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि निघून गेल्या.

अंगण रिकामं झालं. हमाल पोती आत नेत होते. वेनच्यू उठणार, तेवढ्यात उस्तादांनी त्याच पोत्यातलं एक जाडसर मूळ काढलं, मोडलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"आकडा हवाय का?" तिने विचारलं. "नमुना आत पाठवलाय मी. खेळायचं का?"

"आकडा तुझं यंत्र सांगेल," ते म्हणाले. "तू चाव. थुंकायचं नाही. आणि काय होतंय ते बोलत राहायचं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो तुकडा तोंडात टाकला आणि दाढेखाली धरला.

"आधी काहीच नाही," ती म्हणाली. "लाकूड. जरासा धूर, भट्टीचा."

"हं."

"आता येतंय. जिभेच्या टोकाला नाही. मागे, दोन्ही कडांना."

"एकदम?"

"नाही. थांबा... एकदम नाही. आधी एका कडेने, मग दुसरीकडून. आता घशात उतरतंय. थंड लागतंय, उस्ताद, कडू आहे पण थंड. आणि आता परत वर येतंय, टाळूला." तिला श्वास घ्यावा लागला. "आता सगळीकडे आहे. जबडा आवळतोय. कानाच्या मागेसुद्धा वाटतंय."

उस्तादांनी डोळे मिटले होते. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता, जणू तोंडात त्यांच्याही काहीतरी होतं.

"मग?"

"मग जातच नाही. थोडं ओसरतं, की पुन्हा तिथूनच सुरू." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पहिल्या दिवशी वाहिलं होतं तसं, आणि आज ते नुसतं मुळामुळे नव्हतं. तिने बादली पायाने जवळ ओढली. "थुंकू का आता?"

"अजून नको," उस्ताद म्हणाले. "अजून थोडं सांग."